फोन कुणाकडे धरायचा?

२०२० च्या टाळेबंदीत आपल्यातल्या कित्येकांच्या घरी वाघ येऊन गेला. गुगलवर वाघ शोधायचा, एक बटण दाबायचं, फोन जमिनीकडे धरायचा, की पडद्यावर पलंगाशेजारी वाघ उभा. पोरं त्याच्या पाठीवर हात ठेवल्याचा आव आणत आणि तो फोटो दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरे. खोली आपली, पलंग आपला, वाघ तेवढा उसना. यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात, थोडक्यात एआर.

व्हर्च्युअल रिॲलिटी ही याची बहीण, पण स्वभाव वेगळा. ती डोळ्यांवर खोकं चढवून माणसाला घरातून उचलते आणि दुसऱ्याच जगात नेऊन सोडते. एआरमध्ये आपण असतो तिथेच असतो. फोनचा कॅमेरा समोरचं बघतो, त्यातली सपाट जागा किंवा ओळखीचं चित्र हेरतो आणि त्यावर एखादी आकृती, बाण, आवाज किंवा व्हिडिओ बसवतो. फोन हलला तरी ती आकृती जागची हलत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीतल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी ही कल्पना मांडली ती विमानातल्या वायरिंगसाठी. कुठली तार कुठून न्यायची हे कामगाराने दर वेळी नकाशात डोकं घालून शोधण्यापेक्षा ते त्याला कामाच्या जागेवरच दिसावं, एवढाच हेतू. ‘कामाच्या जागेवरच’ हा भाग लक्षात ठेवा, पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

मी मालवण तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. गट साधन केंद्रातून वाटून दिलेल्या शाळांत स्कूटरने फिरायचं, कधी आचऱ्याकडे, कधी मसुऱ्याला, कधी देवबागच्या टोकापर्यंत. वर्गात मुलाशेजारी बसायचं, त्याच्या गुरुजींशी बोलायचं, मग त्याच्या घरी जायचं. हल्ली घरात शिरल्यावर चहाच्याही आधी एक प्रश्न येतो, “बाई, ह्याच्यासाठी मोबाइलवर काही आहे का हो?” पुण्या-मुंबईच्या कुणीतरी चुलत्याने एआरचा व्हिडिओ पाठवलेला असतो. चष्मा लावलेला परदेशी मुलगा, समोर तरंगणारी चित्रं. आणि त्याच घरातली आजी पडवीतून ओरडून सांगत असते, “मोबायलाकडे बघता, माझ्याकडे बघणा नाय!”

दोघांचंही ऐकावं लागतं. म्हणून हा लेख.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं बारकाईने वर्णन केलं आणि वैद्यकशास्त्रात त्याला स्वतंत्र नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे साधारण एक जण ऑटिस्टिक होता. कुणी धडाधड बोलतं, कुणी अजिबात बोलत नाही. कुणाला गणित सहज येतं, कुणाला शर्टाचं बटण लावता येत नाही. पण काही गोष्टी बहुतेकांत दिसतात. हाक मारली तरी बघत नाहीत. विमान दिसलं की सव्वा-दीड वर्षाचं पोर बोट दाखवून आईकडे बघतं, “तूही बघ” म्हणून. ते बोट इथे उशिरा येतं किंवा येतच नाही. ठरलेला क्रम बदलला की जीव घाबरा होतो. आवाज, वास, स्पर्श काहींना फार टोचतात. संध्याकाळी लिलावाच्या वेळी मालवणच्या मासळी बाजारात उभं राहून बघा. बोली पुकारणारे, बर्फ फोडण्याचा आवाज, ओली टोपली पायाला घासून जाते. आपल्या कानांना हे सगळं गाळून घेता येतं. त्या मुलाला ते सगळं एकदम, सारख्याच जोराने येऊन भिडतं. तो कानांवर हात ठेवून खाली बसतो आणि लोक म्हणतात, काय लाडावून ठेवलंय.

ऑटिझम लसीमुळे होत नाही. तसा दावा करणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. आईच्या वागण्यानेही तो होत नाही.

आता एआरचा संबंध कुठे येतो? या मुलांना शिकवताना सगळ्यांत मोठी अडचण शिकवण्याची नसतेच. शिकलेलं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्याची असते. आमच्याकडची बरीच मुलं थेरपीसाठी कुडाळला, सावंतवाडीला, नाहीतर थेट गोव्याला जातात. तिथल्या शांत खोलीत, ओळखीच्या ताईसमोर मूल निळ्या बेसिनवर हात धुवायला शिकतं. घरी येतं, न्हाणीत तांब्या-बादली असते, बेसिनच नसतं. म्हणजे त्याच्या लेखी हे कामच वेगळं. आईबापांना वाटतं, पैसे गेले, पेट्रोल गेलं, पोर मात्र होतं तिथेच. खरं तर शिकलेलं गेलेलं नसतं, ते त्या खोलीत राहिलेलं असतं. एआरमध्ये सूचना मुलाच्या स्वतःच्या न्हाणीत, स्वतःच्या तांब्यावर येऊन बसते. बाकी सगळं ओळखीचं, नवी फक्त एक गोष्ट. शिवाय ती सूचना दर वेळी त्याच आवाजात, त्याच वेगाने येते. ज्याला बदलाची भीती वाटते, त्याला हा ठामपणा मानवतो.

अमेरिकेत टेनेसी विद्यापीठातल्या डेव्हिड सिहॅक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास छापला. प्राथमिक शाळेतली तीन ऑटिस्टिक मुलं, काम दात घासण्याचं. एका चित्रासमोर उपकरण धरलं की दात घासण्याचा व्हिडिओ सुरू व्हायचा. पेस्ट लावा, खालचे दात, वरचे दात, चूळ, असे टप्पे. तिन्ही मुलं शिकली. तीन मुलांवरून जग ठरत नाही, पण पद्धत इतकी साधी आहे की ती वाचून मला हुरूप आला.

खाडीकाठच्या एका वाडीतला मुलगा. शाळेची सहल सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची होती. रोज खिडकीतून होड्या बघणारा हा पोर, पण मालवणच्या जेट्टीवर होडीत चढायचं तर नारिंगी लाइफ जॅकेट घालावं लागतं आणि ते अंगाला लागलं की तो किंचाळत सुटायचा. जाड कापड, मानेला घासणारी कड, आणि बकल लागतानाचा तो ‘टक्’. त्याच्या बापसाने होडीवाल्याकडून एक जॅकेट मागून आणलं. मी फोन छातीपाशी धरून, घालणाऱ्याला जसं दिसेल तसा व्हिडिओ काढला: दोन हात पुढे येतात, डावा हात आत, उजवा हात आत, पट्टा ओढला, टक्. मग जॅकेटच्या खिशाजवळ माशाचं चित्र असलेलं कार्ड पिनने लावलं आणि मोफत मिळणाऱ्या एका साध्या ॲपमध्ये त्या कार्डाला तो व्हिडिओ जोडून दिला. माशावर फोन धरला की त्याच्याच पडवीत, त्याच्याच खुंटीवरच्या जॅकेटवर ते दोन हात दिसायचे.

पहिल्यांदा त्याने जॅकेटला हातसुद्धा लावला नाही. फक्त ‘टक्’पर्यंत यायचा, परत मागे, परत ‘टक्’. त्या आवाजाची धास्ती होती, आणि तोच आवाज आता त्याच्या मुठीत आला होता, हवा तेव्हा वाजवायचा, हवा तेव्हा थांबवायचा. मग एक दिवस व्हिडिओ चालू असताना त्याने खरं बकल लावलं. त्यानंतर मी व्हिडिओचा शेवटचा टप्पा कापून टाकला. मग त्याच्या आधीचा. शेवटी नुसतं माशाचं कार्ड उरलं, आणि मग तेही काढलं. सहलीला तो गेला. किल्ल्यात काय बघितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण घरी आल्यावर जेवायला बसला तोही जॅकेट घालूनच.

हे एक एक टप्पा कापत जाणं म्हणजे या कामाचा गाभा आहे. आधार द्यायचा तो काढून घेण्यासाठी. मूल कार्डाशिवाय जॅकेट घालतं तेव्हा ते शिकलं. कार्ड असेल तरच घालत असेल, तर आपण त्याला आणखी एका अटीत अडकवलं.

मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या तिहुआना शहरात, ‘पासितोस’ नावाच्या ऑटिझम केंद्रात लिझ्बेथ एस्कोबेदो, मोनिका तेन्तोरी आणि सहकाऱ्यांनी ‘मोबिस’ हे साधन वापरून बघितलं. शिक्षिका एखाद्या खऱ्या वस्तूवर शब्द, आवाज किंवा आकृती चिकटवून ठेवायची आणि मूल फोनमधून ती वस्तू शोधायचं. मुलाचं लक्ष कामावर जास्त वेळ टिकतं का, हा प्रश्न होता, आणि २०१४ च्या त्यांच्या लेखात उत्तर होकारार्थी आलं. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच: मजकूर कंपनीने भरून पाठवलेला नव्हता, शिक्षिकेने स्वतः भरला होता. आमच्याकडे तर हे फारच महत्त्वाचं. बाजारातल्या ॲपमधलं मूल इंग्रजी बोलतं, सफरचंद आणि बर्फातला माणूस दाखवतं. आमच्या पोराच्या ताटात पेज आणि बांगडा असतो, आणि घरात त्याला ‘इकडे ये’ असं कुणी म्हणतच नाही, ‘हय ये’ म्हणतात. ज्याला शब्द आधीच जड जातात, त्याला निदान ते घरच्याच बोलीत मिळावेत.

केंब्रिज विद्यापीठात झेन बाई, ॲलन ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांनी आणखी अवघड दाराला हात घातला. त्यांचा विषय होता लुटुपुटीचा खेळ. ठोकळ्याला गाडी मानून ‘भुर्र’ करणं बहुतेक मुलांना कुणी शिकवत नाही. ऑटिस्टिक मुलाला ते अनेकदा कोड्यात टाकतं, कारण ठोकळा तर ठोकळाच दिसतो. त्यांनी पडद्याचा आरसा केला. मूल हातात साधा ठोकळा धरायचं आणि आरशात त्याच्याच हातात गाडी, आगगाडी किंवा विमान दिसायचं. चार ते सात वर्षांच्या बारा मुलांसोबत हे करून बघितलं, तर एआर असताना असा खेळ जास्त वेळा आणि जास्त वेळ झाला. आमच्याकडे सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं-भाज्या जवळपास घरटी असतात. मी बघितलेली बहुतेक ऑटिस्टिक मुलं त्यांची सुरेख रांग लावतात: वांगं, केळं, आंबा, पुन्हा वांगं. रांग मोडायची मला घाई नसते. रांगेतही आनंद असतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो.

सगळ्यांत गाजला तो चष्मा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कॅटालिन वॉस, डेनिस वॉल आणि त्यांच्या गटाने गुगल ग्लासवर चालणारी प्रणाली बनवली. मुलाने चष्मा घालायचा, समोरच्या माणसाकडे बघायचं. चष्म्यातला कॅमेरा चेहरा टिपतो, जोडलेला फोन चेहऱ्यावरचा भाव ओळखतो आणि मुलाला ते चित्राने किंवा आवाजाने कळवतो: आनंद, राग, आश्चर्य. २०१९ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये त्याची चाचणी छापून आली. सहा ते बारा वर्षांची ७१ मुलं, सहा आठवडे, आठवड्यातून चार वेळा वीस-वीस मिनिटं, तेही घरी. नेहमीच्या थेरपीला चष्म्याची जोड मिळालेली मुलं सामाजिक वागण्याच्या एका मान्य मोजपट्टीवर इतरांपेक्षा सरासरी ४.५८ गुणांनी पुढे गेली. इतर तीन मुख्य मोजमापांतही कल चांगल्या बाजूला होता, पण खात्रीने सांगावं इतका नव्हता. पुढे काय झालं? सुरुवातीला १,५०० डॉलरला मिळणारा गुगल ग्लास मार्च २०२३ मध्ये विक्रीतूनच गेला. एका कंपनीच्या एका वस्तूवर मुलाचा आधार टांगून ठेवण्यातला धोका इथे उघड दिसतो.

या चष्म्याबद्दल मला आणखी एक गोष्ट खटकते. त्यात अभ्यास सगळा मुलाने करायचा. चेहरे त्याने वाचायचे, चुका त्याने सुधारायच्या. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी सरळ मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. फरक एवढाच की इतरांची संख्या जास्त, म्हणून दोष एकाच बाजूला लागतो. मग त्या मुलाचा चेहरा, त्याचे हात, त्याचं डोलणं वाचायला आपल्याला कोण शिकवणार?

याचं उत्तर अमेरिकेत शोधायची गरज नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की ते सापडतं. गोव्यात पर्वरीला मुख्यालय असलेली ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. गौरी दिवान आणि सहकाऱ्यांनी गोव्यात, आणि त्याच वेळी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, ‘पास’ नावाची चाचणी घेतली. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये ती २०१६ साली छापून आली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं होती. घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. पद्धत अशी: आई किंवा बाप मुलाशी थोडा वेळ खेळतात, त्याचा व्हिडिओ काढतात, आणि मग कार्यकर्ता आणि पालक तो व्हिडिओ शेजारी बसून बघतात. इथे त्याने काय केलं? त्याआधी तुम्ही काय केलं होतं? चाचणीच्या शेवटी पालकांचं बोलणं मुलाच्या कलाने होऊ लागलं होतं आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करत होती. दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ मात्र उलट कमी झाला. म्हणजे हीसुद्धा जादू नव्हे. पण यात चष्मा नाही, महाग यंत्र नाही, आणि शिकतं कोण तर मोठं माणूस.

पडवीतल्या त्या आजीवर मी हेच करून बघितलं. नातू जमिनीवर बसून शिंपल्या एकीवर एक रचत होता. आजी शेजारी बसून न थांबता विचारत होती, “ह्या काय ता? रंग खयचो? सांग मगे, खयचो?” मी कोपऱ्यात फोन धरून बसले. नंतर दोघी मिळून बघायला लागलो. मधेच एका ठिकाणी आजीला खोकला आला आणि ती गप्प झाली. तेवढ्यात नातवाने एक शिंपली तिच्या गुडघ्याकडे सरकवली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. पळभरच. खोकला थांबला, प्रश्न पुन्हा सुरू झाले, आणि त्याने मान फिरवली. आजीने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, “मी गप रवलंय, तेव्हा बघल्यान माझ्याकडे.” मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

तेव्हा एआर वापरायचंच असेल, तर माझा क्रम असा. आधी मुलाचे कान तपासून घ्या. हाकेला न बघणं कधी कधी ऐकू न येण्यामुळेही असतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाचं, पथक येतं, त्यांच्यासमोर शंका स्पष्ट बोला. तिथून पुढे तपासणीसाठी पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमाकवच मिळतं आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. मूल बोलत नसेल तर एआरच्याही आधी मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने बनवलेलं ‘जेलो’ बघा. चित्रावर बोट ठेवलं की फोन मुलासाठी बोलतो, मराठीतही बोलतो, आणि ते मोफत आहे.

मग एआर. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एआरही त्याच तासात बसवायचं. एका वेळी एकच काम निवडा, आणि ते मुलाच्या सोयीचं असू द्या: दात, चप्पल, जॅकेट, एसटीत चढणं. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ हे काम नव्हे, ती आपली हौस. व्हिडिओ घरच्या वस्तूंचा आणि घरच्या आवाजात काढा. फोन मोठ्या माणसाच्या हातात राहू द्या, मुलाच्या हाती सोपवून आपण स्वयंपाकघरात जायचं नाही. वाडीत नेटवर्क नसतंच, म्हणून नेटशिवाय चालेल असंच ॲप घ्या. मुलाचा चेहरा टिपणारं ॲप असेल, तर तो चेहरा कुठे साठवला जातो ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

उद्या कुणी शाळेत किंवा घरी येऊन ‘ऑटिझमसाठी खास एआर’ म्हणून हजारो रुपयांचं काही विकू लागलं, तर त्यातला वाघ किती खरा दिसतो हे बघण्यात वेळ घालवू नका. त्याला एवढंच विचारा, की हे बंद कधी करायचं, ते यात कुठे लिहिलंय? ज्याच्याकडे त्याचं उत्तर आहे, त्याच्याशी पुढे बोला.